लेकीची पहिली पाळी: आधी काय सांगायचं, नंतर काय बघायचं

चौथी-पाचवीतल्या पोरीशी पाळीबद्दल काय बोलायचं, असं म्हणत बरेच आईबाप ती सातवी-आठवीत जाण्याची वाट बघतात. तोवर बऱ्याच मुलींची पाळी येऊन गेलेली असते. आपल्याकडे पहिली पाळी साधारण १२ ते १३ व्या वर्षी येते. नवव्या वर्षी आली किंवा पंधरावं पूर्ण होत आलं तरी आली नाही, तरी तेवढ्यावरून तो आजार ठरत नाही. म्हणूनच पहिलं बोलणं आठव्या-नवव्या वर्षीच व्हायला हवं. काहीच माहीत नसलेल्या मुलीला चड्डीवर रक्त दिसलं, की आपल्याला आत कुठेतरी लागलंय किंवा मोठा आजार झालाय, असंच तिला वाटतं. ती भीती दोन वाक्यांनी टळते. फक्त ती वाक्यं आधी कानावर पडलेली हवीत.

हे फक्त आईला ठाऊक असून भागत नाही. सोलापुरात कितीतरी घरांत आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, बाबा यंत्रमागावर असतात, आणि शाळेतून आलेल्या मुलीला घरी आजी किंवा धाकटा भाऊ एवढेच सापडतात. म्हणून पॅड कुठे ठेवलेत आणि मुलीला काय सांगायचं, हे आजीला आणि बाबांनाही माहीत असू द्या. बाबांनी मेडिकलमधून पॅड आणले आणि ते किराणा सामानासारखे सहज कपाटात ठेवले, की मुलीला जे कळायचं ते कळतं. त्यावर वेगळं भाषण लागत नाही.

अंदाज कसा बांधायचा

छाती भरायला लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. सुरुवातीला एकाच बाजूला, स्तनाग्राखाली छोटी, दुखरी गाठ लागते. दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी येते. एकच गाठ पाहून अनेक आया घाबरतात, पण हे वाढीचं नेहमीचं लक्षण आहे. त्याच काळात उंची झपाट्याने वाढते, काखेत आणि जांघेत केस येतात. पाळी यायच्या आधी सहा महिने ते वर्षभर चड्डीवर पांढरा किंवा पिवळसर स्राव दिसू लागतो. त्याला घाण वास नसेल, खाज नसेल, तर औषधाची गरज नाही. हा स्राव दिसला की पॅडचं एक पाकीट घरात आणून ठेवा.

पाळी आली की उंची थांबते, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. सगळ्यात वेगाची वाढ तोवर होऊन गेलेली असते हे खरं, पण त्यानंतरही बहुतेक मुली ५ ते ७ सेंटिमीटर वाढतात.

तिला नेमकं काय सांगायचं

एका बैठकीत सगळं सांगायचा घाट घालू नका. भांडी घासताना, वेणी घालताना, गाडीवरून जाताना तुकड्या-तुकड्याने बोलणं सोपं जातं, कारण तेव्हा दोघींना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

शरीरात काय होतं ते असं सांगता येईल: ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या मागे, मुठीएवढं गर्भाशय असतं. मुलगी मोठी होऊ लागली की मेंदूतली एक छोटी ग्रंथी गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या बीजांडकोशांना कामाला लावते. बीजांडकोशांतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होतं. पुढेमागे बाळ राहिलं तर त्याच्यासाठीची ती तयारी असते. बाळ नसेल तर ते अस्तर थोड्या रक्तासकट बाहेर पडतं आणि नवं तयार व्हायला लागतं.

त्यानंतर एक गोष्ट सांगायची राहूनच जाते. रक्त लघवीच्या जागेतून येत नाही. पुढे लघवीची जागा, मागे शौचाची जागा आणि या दोन्हींच्या मध्ये योनिमार्ग, पाळी तिथून येते. हे माहीत नसल्याने अनेक मुली लघवी रोखून पाळी थांबवायचा प्रयत्न करतात. ती तशी थांबत नाही, हे स्पष्ट सांगा.

रंगाचंही सांगून ठेवा. पहिली पाळी बऱ्याचदा लाल नसते. चड्डीवर चॉकलेटी, चिकट डाग दिसतो आणि मुलीला वाटतं शी लागली. ती गुपचूप चड्डी धुऊन टाकते आणि दोन दिवस कुणाला बोलत नाही.

रक्ताची भीती घालवायला एक साधा प्रयोग करा. वाटीत सहा-सात चहाचे चमचे पाणी घ्या आणि त्यात थोडा बिटाचा रस किंवा लाल शाई घाला. एक चमचा म्हणजे ५ मिली, तेव्हा हे झालं ३० ते ३५ मिली. साधारण एका पाळीत, सगळे दिवस मिळून, एवढंच रक्त जातं. आता तिलाच एक पॅड उघडायला सांगा आणि चमच्याने हळूहळू त्यावर पाणी ओतू द्या. पाणी कसं पसरतं, कडेला कधी येतं, हे तिला डोळ्यांनी दिसेल. मग त्या भिजलेल्या पॅडखाली दुसरा पॅड ठेवून वर आणखी पाणी ओता. खालचा कोरडाच राहतो, कारण प्रत्येक पॅडच्या तळाला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. शाळेत दिवसभर पुरावं म्हणून एकावर एक दोन पॅड लावणाऱ्या मुलींचे कपडे कडेने का भरतात, हे त्या एका प्रयोगात कळतं.

पॅड, कापड आणि पाणी

पॅडची चिकट बाजू चड्डीला लागते. हे तुम्हाला उघड वाटेल, पण पहिल्यांदा उलटा लावून कातडी ओढून घेतलेल्या मुली कमी नाहीत. पंख असतील तर ते चड्डीच्या पायांच्या कडेने खाली दुमडायचे. चड्डी घट्ट बसणारी, सुती हवी. सैल चड्डीत पॅड सरकतो आणि मग सगळा दोष पॅडला दिला जातो. दिवसा साधारण २४० मिलिमीटरचा पुरतो. रात्री आडवं झाल्यावर रक्त मागे वाहतं, म्हणून २८० ते ३२० मिलिमीटरचा लांब पॅड घ्यावा आणि तो थोडा मागे सरकवून लावावा. सुगंधी पॅड नकोत, त्यानं खाज सुटते.

रक्त कमी असलं तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायचाच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चार तासांचाच हिशोब ठेवा. घाम, ओल आणि प्लॅस्टिकचं घर्षण एकत्र आलं की जांघेत लाल चट्टे उठतात, चालताना चरचरतं. अशा वेळी जागा साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करायची, रात्री सैल सुती कपडे घालायचे. पावडर टाकू नये, ती ओलीत गोळा होऊन आणखी घासते. धुताना नेहमी पुढून मागे. साबण, डेटॉल किंवा जाहिरातीतले ‘व्ही’ वॉश आत घालायचे नाहीत. योनिमार्ग स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवतो, आणि या गोष्टींनी तिथली नैसर्गिक आम्लता बिघडून जंतुसंसर्ग होतो.

कापड वापरणं कमीपणाचं नाही. नीट धुतलेलं, वाळलेलं सुती कापड पॅडइतकंच चालतं. जुन्या सुती साडीचे किंवा ओढणीचे तुकडे घ्या. घडी घातल्यावर लांबी २० ते २२ सेंटिमीटर आणि रुंदी ७-८ सेंटिमीटर असावी, सहा ते आठ पदर पुरतात. एका मुलीला निदान आठ घड्या हव्यात. आपल्याकडे टॉवेलला तोटा नाही, म्हणून कुणी टॉवेलचा तुकडा आत शिवतं. तो शोषतो चांगला, पण आतून लवकर वाळत नाही. उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात टाळा.

धुताना आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवा. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा राहतो. मग साबण लावून चोळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा अंश कापडात राहतो, कापड कडक होतं आणि टोचतं, त्यामुळे एकदा जास्त खळबळावं. आणि वाळत घालायचं ते उन्हात, उघड्यावर. परकराखाली लपवून वाळत घातलेलं कापड दमट राहतं, त्यात बुरशी धरते, आणि पुढच्या महिन्यात मुलगी खाजेने हैराण होते. पाऊस लागून राहिला तर पूर्ण वाळवून वरून गरम इस्त्री फिरवा.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पाळीच्या दिवसांत मुलीला अंघोळीला आणि धुण्याला पाणी जास्त लागतं, आणि साठवणीत टंचाई आली की ‘आज राहू दे’ हे वाक्य सगळ्यात आधी तिच्याच वाट्याला येतं. त्या चार-पाच दिवसांसाठी एक झाकणाची बादली तिच्या नावाने बाजूला ठेवा. पाणी खरोखरच पुरत नसेल किंवा कापड वाळवायला जागा नसेल, तर सरळ पॅड वापरावेत. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचे पॅड एक रुपयाला एक या दराने मिळतात. तुमच्या भागातल्या आशाताईंकडेही चौकशी करा.

वापरलेला पॅड गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत द्या, ओल्या कचऱ्यात मिसळू नका. संडासात टाकला तर तो फुगतो आणि पाइप तुंबतो. मासिक पाळीचा कप कुमारवयातही वापरता येतो, पण पहिल्या वर्षात मुलीने आधी आपलं शरीर ओळखावं, असं आमचं मत आहे. पुढे तिला हवा असेल तर लहान आकाराचा घ्या.

दप्तरात एक छोटी पिशवी कायम असू द्या: दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचा तुकडा, बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. ती पाळी यायच्या आधीपासूनच हवी. शाळेत गणवेशावर डाग पडला तर कमरेला स्वेटर किंवा ओढणी बांधून बाईंना सांगायचं, पळून घरी यायचं नाही. शाळेतलं स्वच्छतागृह बरं नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली खूप आहेत. इथल्या उन्हात त्याचं फळ म्हणजे लघवीची जळजळ आणि ताप. तसं असेल तर पालक सभेत बोला, एकटीने नव्हे, चार पालक मिळून.

पोट दुखतं तेव्हा

पहिले काही महिने बहुतेक मुलींना फारसं दुखत नाही, आणि वर्ष-दीड वर्षाने अचानक दुखू लागतं. मग ‘आधी नव्हतं, आताच नाटक करते’ असं घरात म्हटलं जातं. कारण शरीरातच आहे. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीजांडकोशातून बीजांड, म्हणजे ज्यापासून पुढे बाळ होऊ शकतं ते, बाहेर पडलेलंच नसतं. बीजांड नियमित सुटू लागलं की अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त तयार होतात, ती गर्भाशयाला आवळतात, आणि कळा येतात. याच रसायनांमुळे काहींना मळमळ होते, जुलाब होतात.

ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी कपड्यावरून १५-२० मिनिटं ठेवावी. चालणं-फिरणं बंद करायची गरज नाही, खेळायचं असेल तर खेळू द्या. तरीही सहन होत नसेल तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं नेमकी त्या रसायनांची निर्मिती कमी करतात. म्हणून ती कळा सुरू होताच घ्यायची असतात. दुखणं टिपेला पोचल्यावर घेतलेली गोळी कमी लागू पडते. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. गोळी जेवणानंतरच द्या. दमा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल, किंवा डेंग्यूची शंका असलेला ताप असेल, तर ही औषधं विचारल्याशिवाय देऊ नका.

वही, अनियमितपणा आणि ‘पुढे ढकलायची’ गोळी

पहिली दोन वर्षं पाळी घड्याळासारखी येत नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस, हे या वयात चालतं. रक्तस्राव दोन ते सात दिवस. पहिलीनंतर दुसरी दोन महिन्यांनी आली, असंही होतं. मेंदू आणि बीजांडकोश यांच्यातली देवाणघेवाण अजून बसलेली नसते, म्हणून बीजांड सुटत नाही आणि अस्तर केव्हा पडेल याचा नेम नसतो.

म्हणून तिला एक छोटी वही द्या. सुरू झाल्याची तारीख, थांबल्याची तारीख, दिवसाला किती पॅड आणि त्यातले किती पूर्ण भिजले, दुखलं का, शाळा बुडली का. एवढंच. भिंतीवरच्या दाते दिनदर्शिकेवर खूण करायची की नाही, हे तिला विचारा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती खूण वाचावी असं तिला वाटत नसेल, तर तिचं म्हणणं बरोबर आहे.

घरात सत्यनारायण आहे, गड्ड्याच्या जत्रेला जायचंय, तुळजापूर-अक्कलकोटची गाडी ठरलीय, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून तेरा वर्षांच्या मुलीला देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. कृपा करून हे करू नका. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं आणि ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. ज्या मुलीची तारीखच ठरलेली नाही तिच्यात ती कधी सुरू करणार? चुकीच्या वेळी सुरू केली की मधेच डाग पडत राहतात, मळमळ होते, डोकं दुखतं, आणि आधीच अनियमित असलेल्या पाळीचं खरं चित्र वहीतूनही कळेनासं होतं. एखाद्या परीक्षेसाठी किंवा स्पर्धेसाठी खरोखर गरज असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटून ठरवायचं.

बाजूला बसण्याबद्दल. पाळीच्या रक्तात अशुद्ध काही नसतं, ते अंगातलंच रक्त आणि अस्तर आहे. देवघराचा प्रश्न प्रत्येक घर आपल्या श्रद्धेप्रमाणे सोडवेल, पण तिचं अंथरूण, तिचं ताट, तिची अंघोळ, तिचं पाणी आणि तिची शाळा यांवर तडजोड करू नका. आजी ऐकत नसतील तर हे बोलणं आईबाबांनी आजीशी करायचं, ते मुलीवर सोडायचं नाही. आणि पहिल्या पाळीनंतरचा न्हाणाचा कार्यक्रम? इथे मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक घरांत तो थाटात होतो. तिला नवी साडी नेसून बसायला आवडत असेल तर जरूर करा. ती नको म्हणाली तर नकोच, आणि तिचे फोटो स्टेटसला टाकण्याआधी तिची परवानगी घ्या. पाळी आली म्हणजे लग्नाचं वय झालं, असं कुणी सुचवायला लागलं, तर कायद्याने ते वय १८ आहे. दबाव आला तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

ताटात काय

१३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम लोह लागतं. १०० ग्रॅम बाजरीच्या पिठातून सुमारे ६ मिलिग्रॅम मिळतं, तेवढ्याच ज्वारीतून ४. धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो, म्हणून भाकरीबरोबर लिंबू पिळलेली मटकी किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, कच्चा टोमॅटो असं काहीतरी हवं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, तर जेवणाबरोबरचा चहा त्याला अडवतो. चहा तासभर पुढे ढकला. डाळिंब खुशाल खावं, पण लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, असं नाही. त्यात लोह अगदी नगण्य असतं. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एकदा कलेजी उत्तम.

१० ते १९ वयोगटासाठी शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती जेवल्यावर घ्यायची. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. मळमळते म्हणून मुली ती खिडकीतून फेकतात. तसं होत असेल तर रात्री जेवल्यावर घरी घेऊ द्या.

डॉक्टरकडे कधी

आठव्या वर्षाआधी छाती भरायला लागली. तेराव्या वर्षापर्यंत छातीत काहीच बदल नाही. पंधरा पूर्ण झाली किंवा छाती भरायला लागून तीन वर्षं झाली तरी पाळी नाही. दोन पाळ्यांत ९० दिवसांहून जास्त अंतर पडलं. सात दिवसांनंतरही रक्त थांबत नाही. यातलं काहीही असेल तर दाखवा. दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतोय, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडताहेत, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी जा. पहिल्याच पाळीपासून एवढं रक्त जाणाऱ्या काही मुलींना रक्त गोठण्याचा जन्मजात विकार असतो. हिरड्यांतून रक्त, वरचेवर घोळणा फुटणं, सहज काळे-निळे डाग पडणं, हे असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि दर महिन्याला ठरावीक दिवसांत पोटात कळा येतात पण रक्त दिसतच नाही, तर योनिमार्गाच्या तोंडाशी पडदा बंद असून रक्त आत साचत असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेने ते सुटतं, पण अंगावर काढू नये.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात जाताना ती वही बरोबर घ्या. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तपासणीच्या भीतीने मुली डॉक्टरकडे यायला तयार होत नाहीत, म्हणून निघण्याआधीच सांगा की या वयात सहसा आतून तपासत नाहीत आणि सोनोग्राफी पोटावरूनच होते. लघवी भरलेली असली तरच गर्भाशय स्पष्ट दिसतं, त्यामुळे तासभर आधी तिला तीन-चार ग्लास पाणी प्यायला द्या आणि नंबर येईपर्यंत लघवीला जाऊ नको म्हणून सांगून ठेवा.